कालचा भाव, आजची लागवड

(जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील तरुण-तरुणींच्या नारायणगाव येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय, 'पैसा, गुंतवणूक आणि बाजाराच्या बातम्या कशा वाचाव्यात'. मी इथे मार्केट यार्डात एका आडत्याकडे दिवाणजी आहे. पहाटेपासून दुसऱ्यांच्या पट्ट्या लिहितो. हिशेबात राहतो म्हणून मला बोलावलं असावं. पण आधीच सांगतो, मी शेअर बाजाराचा तज्ज्ञ नाही आणि कुठल्या कंपनीचा एजंटही नाही. सभा संपल्यावर कुणी 'भाई, कोणता शेअर घेऊ' असं विचारलं तर चहा पाजीन, नाव सांगणार नाही.

सुरुवात टोमॅटोपासून करतो, कारण तो बाजार तुम्हाला मला समजावून सांगावा लागत नाही.

जुलै २०२३ आठवतोय ना? आपल्या या मार्केटला वीस किलोच्या क्रेटला दोन हजार, चांगल्या मालाला अडीच हजारांपर्यंत भाव गेला होता. म्हणजे किलोला सव्वाशे. आपल्याच तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाने महिन्याभरात तेरा हजार क्रेट विकून दीड कोटीच्या वर कमावल्याची बातमी देशभर गेली. दिल्लीचे पत्रकार फोन करून नारायणगाव कुठे आहे ते विचारत होते. आमच्या गाळ्यावर गर्दी एवढी, की आडत्या सोडून बाकी सगळे बातमीवरच बोलत होते.

मीही ती बातमी वाचली. आणि जुलैच्या अखेरीला एका मित्राबरोबर भागीत एक एकर खंडाने घेतलं. मल्चिंग, ठिबक, रोपं, बांबू, तार, सुतळी, फवारण्या, मजुरी, सगळं मिळून एक लाख ऐंशी हजार. त्यातले माझे नव्वद हजार. अम्मीची भिशी उचलून आणलेले होते.

टोमॅटो लावल्यापासून पहिल्या तोड्याला दोन महिने तरी लागतात. आमचा पहिला तोडा सप्टेंबरअखेरीस आला तेव्हा क्रेटला शंभराच्या आसपास भाव होता. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडं वजा जाता काय उरतं ते तुम्हीच काढा. तिसऱ्या तोड्यानंतर आम्ही शेतात गेलोच नाही. मेंढरं घातली.

आता यात मला कुणी फसवलं का? बातमी खरी होती, भाव खरा होता, दीड कोटीही खरे होते. पण ती बातमी ज्यांनी एप्रिल-मेमध्ये रोप लावलं त्यांची होती, आणि मी ती माझी समजलो. आमचे अब्बा पंचवीस वर्षं भाजीचा धंदा करत होते, ते तेव्हाच म्हणाले होते, "बेटा, ये कल का भाव है." मी हसलो होतो.

माझ्यासाठी खरी बातमी दुसरीच होती आणि ती माझ्या डोळ्यांसमोरून जात होती. जुलैच्या मध्यात रोपवाटिकांमध्ये टोमॅटोचं रोप मिळत नव्हतं. आगाऊ नोंदणी घेत होते. रस्त्याने रोपांच्या ट्रेनी भरलेल्या पिकअप जात होत्या आणि मी त्यांना बाजूला होऊन वाट देत होतो. सप्टेंबरला माल किती येणार, हे त्या पिकअपमध्ये लिहिलेलं होतं. दुसरी बातमी दिल्लीची. १४ जुलैपासून केंद्राच्या सहकारी संस्थेने ९० रुपये किलोने टोमॅटो विकायला काढला होता, आणि १० ऑगस्टला अर्थमंत्र्यांनी नेपाळहून आयात सुरू झाल्याचं लोकसभेत सांगितलं. सरकार भाव खाली आणायला उतरलंय हे पेपरात छापून येत होतं. ते आतल्या पानावर होतं, दीड कोटीची बातमी फोटोसह पहिल्या पानावर.

मला आज तुम्हाला जे सांगायचं आहे ते एवढंच. कुणी किती कमावले ही बातमी आपल्यापर्यंत पोहोचते तेव्हा ती शिळी झालेली असते. आणि आपल्या कामाची बातमी बहुधा कंटाळवाणी असते. तारखेची, नियमाची, खर्चाची. तिला फोटो नसतो.

कांद्याचं बघा. आळेफाट्याला, मंचरला दहा किलोच्या भावावर आपले लोक बराखीतला कांदा काढायचा की ठेवायचा ते ठरवतात. पण गेल्या काही वर्षांत कांद्याचा भाव बराखीत ठरला की अधिसूचनेत? १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ७ डिसेंबरला अधिसूचना निघाली आणि ८ पासून निर्यात बंदच झाली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला किमान ५५० डॉलरची अट ठेवून. १३ सप्टेंबर २०२४ ला ती अट गेली आणि शुल्क निम्म्यावर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. पावणेदोन वर्षांत पाच वेळा खेळाचे नियम बदलले. हे योग्य की अयोग्य, यावर मी दोन तास बोलू शकतो आणि शिव्याही देऊ शकतो, पण तो आजचा विषय नाही. आजचा मुद्दा असा, की ज्याच्याकडे पाच टन कांदा आहे त्याच्यासाठी त्या अधिसूचनेची एक ओळ ही कुठल्याही यूट्यूबवाल्याच्या 'कांदा भविष्यवाणी'पेक्षा मोठी बातमी आहे. आणि तरी आपल्या मोबाइलमध्ये भविष्यवाणी रोज येते, अधिसूचना शोधावी लागते.

आता टोमॅटोवरून शेअर बाजाराकडे येतो. माझ्या फुफीचा मुलगा आहे, तेवीस वर्षांचा. त्याला विचारूनच सांगतोय, तो आज इथे आलेला आहे, कुठे बसलाय ते सांगणार नाही. वाशीला माल नेण्यासाठी स्वतःची पिकअप घ्यायची म्हणून फुफाजींनी तीन लाख चाळीस हजार जमवले होते. पैसे याच्या खात्यावर, कारण मोबाइल यालाच चालवता येतो. टेलिग्रामवर एका चॅनेलमध्ये तो रोज हिरवे आकडे बघायचा. आज अमक्याने अठरा हजार केले, तमक्याने चाळीस. याने पाच हजारांनी सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात सात झाले. माझं मत असं, की त्याचं सगळ्यात मोठं नुकसान त्या दोन हजारांनी केलं.

आठ महिन्यांत पिकअपचे पैसे संपले. ते भरून काढायला लोनच्या ॲपवरून कर्ज घेतलं. घरी कळलं ते वसुलीवाल्यांचे फोन फुफूला जायला लागले तेव्हा. शिव्या ऐकल्या तिने, फोनवर, नमाजेच्या वेळेला. आज तो दुसऱ्याची पिकअप चालवतो, पगारावर.

तो काय करत होता ते आपल्या भाषेत सांगतो. ऑप्शन विकत घेणं म्हणजे इसार देणं. समजा मी तुम्हाला इसार दिला, की पुढच्या मंगळवारी अमुक भावाने तुमचा माल घेईन. भाव चढला तर मी घेणार, नाही चढला तर माझा इसार बुडाला. फक्त इथे माल उचलायला कुणी येत नाही, आणि वायदा बहुतेक वेळा आठवड्याचा. आता इसार घेणारा समोर कोण बसलाय? तो गावातला माणूस नाही.

सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सप्टेंबर २०२४ मध्ये याचा हिशेबच छापला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या सामान्य लोकांपैकी शंभरात ९३ जण तोट्यात गेले. त्यांची संख्या एक कोटीच्या वर. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या पुढे, माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास. खर्च वजा जाता एक लाखाच्या वर नफा झालेले शंभरात एक. समोर बसून कमावणारे कोण, तर विदेशी फंड आणि मोठ्या दलाल कंपन्या, आणि त्यांचे सौदे बहुतांश संगणकच करतात. आणखी दोन आकडे माझ्या लक्षात राहिले. २०२३-२४ मध्ये यात उतरलेल्यांपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते, आणि तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी आपलं वर्षाचं उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचं लिहून दिलं होतं. म्हणजे आपणच. जुलै २०२५ ला पुढच्या वर्षाचा हिशेब आला, तेव्हा तोटा झालेले ९१ टक्के.

ही बातमी मराठी पेपरांतही आली होती. माझ्या भावाने ती वाचली नव्हती. मीही त्याला पाठवली नव्हती, कारण माझ्या टोमॅटोनंतर घरात पैशावर बोलायचा हक्क मी गमावलाय असं मला वाटत होतं. ही माझी चूक. ज्याने आपटी खाल्ली त्यानेच बोलायला पाहिजे, बाकी कुणाला ते कसं होतं ते माहीत नसतं.

शेअर बाजार वाईट, असं मी म्हणत नाही. सातगाव पठारावर वेफर्स कंपन्यांशी करार करून बटाटा लावतात. भाव आधी ठरलेला असतो, कमी असेल पण माहीत असतो. टोमॅटोचा भाव कुणालाच माहीत नसतो. चांगल्या कंपनीचा शेअर किंवा म्युच्युअल फंड घेऊन दहा वर्षं धरून ठेवणं ही त्या दोन्हींच्या मधली, बागायतीसारखी गोष्ट आहे. झाड लावलंय, एखाद्या वर्षी मोहर गळेल. ते मोहर गळण्याचं वर्ष सोसायची तयारी आणि वेगळे ठेवलेले पैसे असतील तर जरूर करा. पिकअपचे पैसे, फीचे पैसे, भिशीचे पैसे तिथे नकोत.

आता एक विषय आपल्या समाजाचा. व्याज.

व्याज घ्यावं की नाही, बँकेचं व्याज आणि सावकाराचं व्याज एकच का, यावर उलेमांमध्येही वेगवेगळी मतं आहेत. तो ज्याच्या त्याच्या ईमानाचा प्रश्न, मी त्यात पडत नाही. पण आपल्या लोकांची एक खरी अडचण आहे. ज्याला व्याज नको त्याने पैसा ठेवायचा कुठे? २००८ साली रघुराम राजन समितीने व्याजमुक्त बँकिंगची सोय असावी असं सुचवलं होतं. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवल्याचं बाहेर आलं. जागा रिकामी राहिली. आणि रिकाम्या जागेत कोण शिरतं?

बंगळूरचं आयएमए आठवा. व्याज नाही, नफ्यात भागी, सोन्याचा धंदा, सगळं हलाल, असं सांगून पैसे घेतले. जून २०१९ मध्ये संस्थापक मोहम्मद मन्सूर खान देश सोडून गेला, मागे एक ऑडिओ क्लिप ठेवून. जुलैत दिल्लीला परतल्यावर अटक झाली. तोवर हजारो लोक तक्रारी घेऊन रांगेत उभे होते, बहुसंख्य मुसलमान. लग्नासाठी ठेवलेलं सोनं देऊन बसलेल्या बायका त्यात होत्या. त्याच्या आधी ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादच्या हीरा गोल्डच्या नौहेरा शेख यांना अटक झाली होती. तिथेही व्याजमुक्त, हलाल नफा हाच शब्द. म्हणजे आठ महिने आधी देशभर बातमी होती, आणि तरी लोक आयएमएमध्ये पैसे भरतच होते. का? कारण सांगणारा आपला होता, दाढीवाला होता, जकात देत होता, शाळेला मदत करत होता.

हलाल हा शब्द धंदा कोणता चालणार नाही ते सांगतो. दारू नको, जुगार नको, व्याज नको. पैसे परत येतील की नाही, ते तो शब्द सांगत नाही. ते कागद सांगतो. नोंदणी कुणाकडे आहे, हिशेब कोण तपासतो, नफा येतो तो कशातून. हे विचारल्याने कुणाच्या ईमानावर शंका घेतली जात नाही. आपल्याकडे तर उधारी लिहून ठेवण्याची, साक्षीदार घेण्याची थेट आज्ञा आहे. बायकोच्या भावाला दिलेल्या वीस हजारांनाही ती लागू आहे, असं मी घरी सांगून बघितलंय. जाऊ द्या.

ज्यांना चौकटीत राहूनच गुंतवणूक करायची आहे त्यांच्यासाठी सेबीच्या नियमांखाली चालणारे मार्ग आहेत. टाटा एथिकल, टॉरस एथिकल हे फंड आहेत, निफ्टीचे शरिया निर्देशांक आहेत. बँका, दारूच्या कंपन्या, खूप कर्ज असलेल्या कंपन्या त्यातून वगळतात. नावं सांगितली म्हणजे घ्या असं नाही. बाजार पडला की हेही पडतात. पण पडले तर किती, ते रोज जाहीर होतं. आयएमएचा 'नफा' कधीच पडला नाही, दर महिन्याला येतच होता, हीच त्याची सगळ्यात मोठी बातमी होती आणि ती कुणी वाचली नाही.

आता पतसंस्था. दोन्ही तालुक्यांत गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांनी आपल्या छोट्या व्यापाऱ्यांना कर्ज दिलं, जेव्हा बँका आपल्या मोहल्ल्यांकडे बघत नव्हत्या. २००६ च्या सच्चर समितीने लिहूनच ठेवलंय की काही बँका मुस्लिम वस्त्यांना नकारात्मक भाग ठरवतात. म्हणून पतसंस्थेबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. पण एक गोष्ट बघा. बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, एका माणसाच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, व्याज धरून. आधी तो एक लाखाचा होता, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचा झाला. हा विमा पतसंस्थेच्या ठेवीला नाही. अध्यक्ष ओळखीचा आहे म्हणून तो लागू होत नाही.

पुण्याची रुपी बँक १९१२ सालची. फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि लोकांचे पैसे अडकले. सप्टेंबर २०२२ मध्ये बँकच बंद झाली. पाच लाखांच्या आतल्या ठेवीदारांना विम्यामुळे निदान ते पैसे मिळाले, तेही नऊ वर्षं थांबून. विमा नसता तर काय, याचा विचार करा आणि घरी जाऊन पावती बघा. पावतीवर 'बँक' लिहिलंय की 'पतसंस्था'? मी ही गोष्ट मागे एका ठिकाणी सांगितली तेव्हा एका ताईंनी विचारलं, मग काढून घेऊ का सगळे? नाही. सगळी ठेव एका ठिकाणी ठेवू नका, आणि संस्थेच्या वार्षिक सभेला जा. तिथे जेवण चांगलं असतं म्हणून नव्हे, अहवालात थकबाकी किती ते छापलेलं असतं म्हणून.

आपल्या जुन्नरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. त्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे दानाची रक्कम ठेवल्याच्या नोंदी आहेत. श्रेणी म्हणजे त्या काळची व्यावसायिकांची संघटना. ठेव कुणाकडे ठेवली ते दगडावर कोरून ठेवलंय. आपल्या घरात पप्पांनी कुठे काय ठेवलंय ते अम्मीला माहीत नसतं. वारल्यावर कपाटात शोधाशोध. अशा विसरलेल्या बँकठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलं. कुणाच्या दादा-दादीचं जुनं खातं असेल तर बघा, फुकट आहे.

मग रोज काय वाचायचं? रोज काहीच नाही. सेन्सेक्स आज किती वाढला याचा माझ्या आयुष्याशी काही संबंध नाही, तुमच्याही नाही. मी महिन्यातून एक संध्याकाळ देतो. खात्याचं स्टेटमेंट उघडतो, काय कापलं गेलं ते बघतो. विम्याचा हप्ता माझ्या न कळत दोन वर्षं कापला जात होता, तो असाच सापडला. रिझर्व्ह बँक साधारण दोन महिन्यांनी व्याजदर जाहीर करते. घराचं किंवा गाडीचं कर्ज असेल तर त्या दिवशीचा पेपर वाचा. पोस्टाच्या योजनांचे दर दर तीन महिन्यांनी ठरतात. १ फेब्रुवारीचं बजेट. आणि सेबीने, रिझर्व्ह बँकेने काही नवा नियम काढला तर तो. हे सगळं वर्षात वीस संध्याकाळींच्या वर जात नाही.

ती इंग्रजीत असतात, ही तक्रार खरी आहे. इथे बी.कॉम.च्या मुली बसल्या आहेत, सात-आठ हात मघाशी वर झाले होते. तुमच्यापैकी दोघींनी महिन्यातून एकदा आपल्या मासिकासाठी एक पान मराठीत लिहिलं, ह्या महिन्यात कोणता नियम बदलला आणि मंचरच्या भाजीवाल्याला त्याचा काय फरक पडतो, तर टेलिग्रामच्या दहा चॅनेलांपेक्षा जास्त लोक ते वाचतील. मी पहिल्या चार अंकांना मदत करायला तयार आहे.

आणि कुणी सल्ला द्यायला आलाच, तर त्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. सल्लागाराचा 'आयएनए'ने सुरू होतो, शेअरवर अहवाल देणाऱ्याचा 'आयएनएच'ने. क्रमांक खोटाही असू शकतो, म्हणून सेबीच्या यादीत नाव स्वतः शोधा. नुसता 'शिकवतो' म्हणणाऱ्याला जानेवारी २०२५ पासून चालू भाव वापरून शिकवता येत नाही, जुनेच वापरावे लागतात. त्यामुळे शिकवता शिकवता कुणी आजचा शेअर सांगत असेल, तर नियम तोच मोडतोय. पैसे ऑनलाइन गेलेच, तर लाज धरून बसू नका. त्याच तासात १९३० ला फोन करा; उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात जातात आणि मग सापडत नाहीत. माझ्या भावाने तर कुणालाच सांगितलं नाही, आठ महिने.

फुफाजी त्याच्याशी अजून नीट बोलत नाहीत. मागच्या महिन्यात मात्र त्यांनी पासबुक त्याच्याकडे दिलं आणि म्हणाले, वाच. त्याने मोठ्याने वाचून दाखवलं, एकेक नोंद. पिकअपसाठी पुन्हा बावीस हजार जमलेत.

आता तुमचे प्रश्न. मागच्या रांगेतून सुरू करू. माईक तिकडे द्या.